केमिस्ट्रीत काय मिळतं?

३ जून

ताईस,

अकरा वर्षांपूर्वी मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही असं म्हणालो होतो. लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. तेव्हा या पत्रानं माझा शब्द मोडत नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

काम धंद्याचं आहे. मिरी बारावी झाली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती सात वर्षांची होती आणि टेबलाखाली बसून साखर खायची. मिरी हे नाव तूच ठेवलंस, लहान आणि झोंबणारी म्हणून. आता ती लहान नाही. केमिस्ट्रीत एक्याण्णव मार्क पडलेत आणि केमिस्ट्रीचीच पदवी घ्यायची म्हणते. तीही तुझ्या शहरातल्या कॉलेजात. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, का? मी परवडत नाही म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "आकडे दाखवा." ही सवय आमच्या घरात कुठून आली ते मला ठाऊक आहे.

म्हणून आकडे काढले. फी वर्षाला पन्नास हजार. राहणं-जेवण नव्वद हजार. पुस्तकं, पांढरा कोट, जाणं-येणं वीस हजार. तीन वर्षांचे चार लाख ऐंशी हजार. शिवाय ती इथे असती तर लाँड्रीच्या काउंटरवर उभी राहिली असती. त्या जागी माणूस ठेवायचा तर महिना नऊ हजार, म्हणजे तीन वर्षांचे तीन लाख चोवीस हजार. एकूण आठ लाख चाळीस हजार.

हा झाला खर्च. मिळकतीचा आकडा मात्र कुणी देत नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या पाटीवर 'केमिस्ट' असं ठळक लिहिलंय म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, माझा धंदा डॉक्टरांचं अक्षर वाचण्याचा आहे, केमिस्ट्रीचं मला विचारू नका. आमचा विमा एजंट खरोखरचा केमिस्ट्रीचा पदवीधर निघाला. पदवीचा उपयोग काय झाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, कुठल्या घरात स्फोट होऊ शकतो ते मला बाहेरून वासावर कळतं, तिथे मी आगीचा विमा विकत नाही. वर्षाला सुमारे किती वाचतात, ते त्यानं सांगितलं नाही.

आपल्या नात्यात ही पदवी घेतलेली तू एकटीच. त्यामुळे नाइलाजानं विचारतो. पहिल्या नोकरीपासून आजपर्यंत तुला दर वर्षी काय मिळालं ते लिहून पाठव. बाईमाणसाला पगार विचारू नये म्हणतात, पण तू बहीण आहेस, त्यामुळे चालेल. फक्त आकडे लिही, बाकी काही नको.

आणखी एक. मुलगी समजा तिकडे आलीच, तर तुझ्याकडे येणं-जाणं होईल. तेव्हा तिच्याशी जुन्या गोष्टी काढू नयेत. विशेषतः जुने आकडे.

जास्त लिहीत नाही, डोकं दुखतंय.

तुझा भाऊ


१६ जून

ताईस,

पत्राचं उत्तर द्यायची ही पद्धत मी पहिल्यांदाच पाहिली. माझंच पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवलंस. आता बेरीज. चार लाख ऐंशी हजार अधिक तीन लाख चोवीस हजार म्हणजे आठ लाख चार हजार, आठ लाख चाळीस नव्हे. मान्य. छत्तीस हजारांची चूक झाली. पण त्याखाली "कॅल्क्युलेटर घे" असं लिहायची गरज नव्हती.

जेवणाच्या आकड्यावर तू काट मारलीस आणि बाजूला लिहिलंस, "पदवी घेतली नाही तर पोरगी जेवणार नाही का?" हे मी मिरीच्या आईला वाचून दाखवलं. ती हसली. मग पुन्हा हसली. आता रोज ताट वाढताना मिरीला विचारते, "आज पदवीचं जेवतेस की घरचं?" माझ्या घरात मीच चेष्टेचा विषय झालोय, आणि तेही टपालखर्च मी भरून.

मिळकतीबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. उलट मलाच विचारतेस, दुकानाचं काय चाललंय. झकास चाललंय. समोर मशीनमध्ये नाणी टाकून स्वतःच कपडे धुवायचं दुकान निघालंय, पण लोक नव्याची नवलाई म्हणून जातात. दुकानातल्या माणसाला मी चैत्रात कामावरून कमी केलं, ते काही त्यामुळे नाही. हल्ली काउंटर मिरी बघते आणि मागच्या खोलीत डाग काढायचं काम मी एकटाच करतो. आप्पांच्या वेळेपेक्षा जास्त धंदा आहे, निदान माझं काम तरी जास्त आहे.

शेवटी तू तीन प्रश्न विचारलेस. डोकं रोज दुखतं का? दुपारी की सकाळी? ड्रायक्लीनिंगचं कुठलं औषध वापरतोस, आणि मागची खिडकी उघडी असते का? हे चार झाले, तीन नाहीत. तुझीही बेरीज चुकते, हे वाचून बरं वाटलं. ताई, मी पदवीचा भाव विचारला होता, स्वतःची तपासणी मागितली नव्हती. डोकं सगळ्यांचंच दुखतं. माझं मिरीमुळे दुखतं.

मी आता वेगळा मार्ग काढलाय. एक महिना मिरीला माझ्याबरोबर मागच्या खोलीत कामाला घेतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरी घासल्या की केमिस्ट्रीचा सोस उतरेल. नाहीतर निदान इथेच काय ती केमिस्ट्री करता येते हे तिला कळेल.

पगार लिही. टाळू नकोस.

तुझा भाऊ


४ जुलै

ताईस,

पहिल्या आठवड्याचा अहवाल देतो.

मिरी मागच्या खोलीत आली आणि पहिल्याच दिवशी तिनं ड्रमवरची चिठ्ठी वाचायला घेतली. मी बावीस वर्षं तो ड्रम वापरतोय, त्यावर चिठ्ठी आहे हेच मला माहीत नव्हतं. अर्धी फाटलेली. विक्रेता स्वस्तात देतो आणि कपडे स्वच्छ निघतात, आणखी काय वाचायचं? तिनं विचारलं, यात नक्की काय आहे? मी म्हणालो, औषध आहे. ती म्हणाली, कशावरचं?

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा काळा कोट आला. बाहीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, शेंगदाण्याएवढा. मी जेवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ठिपका गेला होता आणि त्या जागी तांबूस रंगाचा, बशीएवढा, अगदी गोल सूर्य उगवला होता. मिरीनं ठिपक्याला कपडे शुभ्र करायचं पाणी लावलं होतं. मी ओरडायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "थांबा, मला कळलंय हे का झालं." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. काळा रंग हा एक रंग नसतो, त्यात दोन-तीन मिसळलेले असतात, पाण्यानं त्यातला निळा खाल्ला, तांबडा उरला, असं बरंच काही. तेवढ्यात साक्षात वकीलसाहेब आले. मला वाटलं, आता कोर्टात उभं राहावं लागणार. त्यांनी कोट हातात घेतला, मिरीनं त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं. वीस मिनिटं. आयुष्यभर दुसऱ्यांना न थांबता बोलून गप्प करणारा तो माणूस मधूनमधून "मग?" म्हणत ऐकत होता. शेवटी म्हणाले, इतका स्वच्छ कबुलीजबाब मी तीस वर्षांत ऐकला नाही. कोटाचे पैसे मात्र पूर्ण घेतले. तीन हजार दोनशे.

ते मी पदवीच्या खर्चात धरले आहेत.

आता तुझ्या पत्राकडे वळतो. सगळे आकडे आले. एकतीस वर्षांचे, ओळीनं, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. रात्री नको म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्या शेजारी आपल्या दुकानाचे आकडे लिहीत बसलो. रंगाच्या कारखान्यात तुझा पहिला पगार बेचाळीसशे. त्या वर्षी दुकानातून मला महिना सात हजार सुटत होते. पुढच्या वर्षीही मी पुढे. त्याच्या पुढच्या वर्षीही. सलग चौदा वर्षं, ताई, या बारावीच्या माणसानं पदवीला मागे टाकलं. पंधराव्या वर्षी तू पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत कायम झालीस तेव्हा कुठे बरोबरी झाली. एवढा आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. धावत जाऊन कागद मिरीच्या आईपुढे धरला.

तिनं सावकाश वाचलं. तू कडेला लिहिलंस तेही वाचलं: सहा वर्षं एका खोलीत चौघी, बढतीसाठी तीनदा अर्ज, तीनदा तुझ्या हाताखाली शिकलेल्या पुरुषाला ती जागा. मग कागद मला परत दिला आणि म्हणाली, "आणि तुम्ही या बाईवर जळत होतात?"

मी म्हणालो, जळत नव्हतो. ती म्हणाली, बरं.

मला खरंच वाटायचं की तू तिकडे मजेत आहेस. थंड खोली, काचेची भांडी, चकचकीत टेबल आणि महिन्याच्या शेवटी घसघशीत पाकीट. इकडे मी वाफेत शिजतोय आणि तिकडे ताईसाहेब. हे चित्र मी एवढी वर्षं सांभाळलं होतं. ते असं एका कागदानं पुसून टाकशील असं वाटलं नव्हतं.

आणि ते शेवटचं काय लिहिलंस? एकदा नमुन्यात तुला काहीतरी सापडलं, तू हटून बसलीस आणि अर्ध्या शहराचं पाणी दोन दिवस बंद करायला लावलंस. लोकांनी शिव्या घातल्या, साहेबांनी मेमो दिला, आणि कुणीही आजारी पडलं नाही. "जे झालं नाही त्याचं बिल कुणाला पाठवायचं ते तू सांग, तू धंदेवाला आहेस." मी दोन दिवस विचार केला. मी तो रकाना मोकळा ठेवलाय.

मेमोचं तेव्हा का नाही कळवलंस? हो, बरोबर. तेव्हा आपण बोलत नव्हतो.

डोकं ठणकतंय, थांबतो.

तुझा भाऊ


२५ जुलै

ताईस,

तुला मिरीकडून कळलं असेलच, कारण मला आलेल्या गेल्या पत्राच्या तळाशी तू तिच्यासाठी "तुझं पत्र पोचलं" असं लिहिलंस. म्हणजे तुमचा पत्रव्यवहार चालू आहे आणि मलाच पत्ता नाही. असो. मी व्यवस्थित आहे. पडलो नव्हतो, बसलो होतो. फक्त खुर्ची नव्हती.

झालं असं. गेल्या मंगळवारी हॉटेलवाल्याचे पडदे आले होते, चाळीस. मागच्या खोलीत दार लावून काम करत होतो, धूळ येऊ नये म्हणून. भिंत थोडी वाकडी दिसायला लागली. मग मिरी दिसली, तीही वाकडी. त्यानंतर मी बाहेर फुटपाथवर होतो, डोक्याखाली कुणाचा तरी न धुतलेला टॉवेल, आणि समोरच्या नाण्यांच्या दुकानाचा मालक मला पाणी पाजत होता. ज्याचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं त्याच्या हातचं पाणी प्यायलो. माणूस बरा आहे. पाणी थंड होतं.

डॉक्टरांकडे मिरीनं एक कागद पुढे केला. तुझे ते तीन-चार प्रश्न तिनं मनावर घेतले होते. कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर तीन आठवडे माझी नोंद ठेवली होती: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या खोलीत, डोकं दुखलं की नाही, आणि कुणावर ओरडलो. सकाळी काउंटरवर असेन तेव्हा काही नाही. मागच्या खोलीत दोन तास झाले की डोकं. चार तास झाले की डोकं आणि ओरडणं. सुट्टीच्या दिवशी दोन्ही नाही. मी डॉक्टरांना सांगितलं की सुट्टीला गिऱ्हाईक नसतं म्हणून दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, "गिऱ्हाइकाची वाफ होत नाही, त्या ड्रमातल्या औषधाची होते." आणखी काही वर्षं असाच दार लावून बसलो असतो तर डोकं, यकृत, सगळंच हळूहळू गेलं असतं म्हणाले.

मागच्या खिडकीचं तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. ती नाहीये. आप्पा ती बारा महिने उघडी ठेवायचे, आठवतं? मी विटांनी बुजवली आणि तिथे फळी मारली. पस्तीस कोट जास्त टांगता येतात.

आता गवंडी बोलावून खिडकी पुन्हा उघडलीय. वर हवा बाहेर फेकणारा पंखा. औषध बदललंय, ते महाग आहे, पण त्याची चिठ्ठी पूर्ण आहे. आठ दिवस डोकं दुखलेलं नाही. मिरीची आई म्हणते, स्वभावही निवळलाय. मिरी म्हणते, एवढ्यात काही सांगता येणार नाही, आठच दिवसांचा नमुना आहे.

ताई, यावर मी बराच विचार केला. ड्रमातली वाफ माणसाला चिडकं करते, हे आता डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी जेवताना मी जे बोललो, "या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस" वगैरे, ते कदाचित मी बोललोच नव्हतो. वाफ बोलली होती. शास्त्राला धरून आहे की नाही? तसं असेल तर दोघांनाही सोपं जाईल. तू या विषयातली आहेस, तुझं मत कळव.

तुझा भाऊ


२ ऑगस्ट

ताईस,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितोय, कारण उत्तर मलाच सापडलं.

विमा एजंटाला दुरुस्तीचा खर्च दाखवायचा म्हणून जुन्या पावत्या काढल्या. खिडकी बुजवल्याची गवंड्याची पावती निघाली. तारीख पाहिली. ते जेवण झालं त्यानंतर चार महिन्यांनी खिडकी बुजवलीय.

म्हणजे त्या दिवशी खिडकी सताड उघडी होती. हवा खेळती होती. मी जे बोललो ते पूर्ण शुद्धीत बोललो.

पावती दोनदा वाचली. अक्षर स्वच्छ आहे.

तुझा भाऊ


११ ऑगस्ट

ताईस,

प्रवेशाची मुदत परवा संपते म्हणून मिरीला तुझ्याकडे पाठवायचं मी ठरवलं. आकडे काही जुळत नाहीत. मी अकरा वेळा मांडून पाहिलं. तुझ्यासारखी नोकरी मिळाली तर पदवीचे पैसे वसूल व्हायला दहा-बारा वर्षं जातात, विमा एजंटासारखं झालं तर कधीच नाही. पण ज्या मुलीनं चिठ्ठ्यांच्या पाठीवर बापाचं डोकं मांडून दाखवलं, तिला मी कॉलरी घासायला ठेवली तर माझ्यासारखा गाढव मीच. ट्रंकसुद्धा विकत आणली.

पण ती तुझ्याकडे येणार म्हटल्यावर मला दुसरी काळजी लागली. तुला ती ठाऊक आहे.

घरात सगळ्यांना मी लग्नाच्या आधीपासून एकच गोष्ट सांगत आलोय. आप्पांकडे एकाच्याच शिक्षणाचे पैसे होते, ताई हुशार होती, म्हणून मी बारावीनंतर शिक्षण सोडलं आणि इस्त्री हातात घेतली. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की सांगताना माझाच गळा भरून येतो. त्या दिवशी जेवायला मिरीचे दोन्ही मामा होते, मी तीच गोष्ट रंगवत होतो, आणि तू हसायला लागलीस. म्हणालीस, "त्याग कसला? अरे, एको—" आणि मी ताट सरकवून उठलो. पुढचं कुणालाच कळलं नाही. मिरीची आई आजही म्हणते, ती बिचारी 'ऐका' म्हणत होती आणि तुम्ही तिला घराबाहेर काढलंत.

काल जेवताना मी सांगून टाकलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं. म्हणालो, मी शिक्षण सोडलं नव्हतं, शिक्षणानं मला सोडलं. बारावीला केमिस्ट्रीत नापास झालो. मार्क एकोणीस.

मिरीनं घास खाली ठेवला.

"किती पैकी?" तिनं विचारलं.

"शंभर."

"प्रॅक्टिकल धरून?"

धरून, ताई. प्रॅक्टिकलचे त्यात बारा होते. तेही सांगितलं. आणखी दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो, तेही सांगितलं. आप्पांनी दोघांच्याही शिक्षणाचे पैसे बाजूला काढले होते आणि माझ्या वाट्याच्या पैशांतून ती वाफेची इस्त्री आली, जिच्यावर मी आजवर कमावतोय, हेही सांगितलं. एकदा नळ उघडला की थांबत नाही.

मिरीची आई म्हणाली, "म्हणजे ती एकोणीस म्हणत होती." आणि पदरानं डोळे पुसायला लागली. मला वाटलं रडतेय. हसत होती.

मिरी हसली नाही. तिनं नीट विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आत्यानं तुमचं काहीच घेतलं नव्हतं."

"नाही."

"मग तुम्ही तिच्यावर कशाबद्दल रागावला होतात?"

मी भात कालवला, मग पुन्हा कालवला. शेवटी म्हणालो, "ती पास झाली म्हणून." एवढं बोलायला मला एकतीस वर्षं लागली. मिरीनं मान हलवली, जणू काही नोंद करून घेतली, आणि पुन्हा जेवायला लागली.

आता खरी गंमत ऐक. पाणी प्यायल्यावर ती म्हणाली, तुमच्या ट्रंकेबद्दल आभार, पण मी आत्याच्या शहरात जात नाहीये. इथून बसनं चाळीस मिनिटांवर कॉलेज आहे, पदवीचा कागद तोच, परीक्षा तीच. फी तीस हजार, बस बारा हजार, पुस्तकं वीस. तीन वर्षांचे एक लाख शहाऐंशी हजार, आणि सकाळी नऊपर्यंत काउंटर मी बघेन. पुढचं शिक्षण आत्याच्या शहरात, तेव्हा शिष्यवृत्ती मिळवून. सगळं कागदावर मांडलेलं होतं. खाली लाल शाईत "बरोबर" अशी खूण. शाई ओळखीची होती.

मी म्हणालो, हे कधी ठरलं? म्हणाली, जूनमध्येच. मी म्हणालो, मग मघाशीच सांगायचं होतंस. म्हणाली, मघाशी तुम्ही बोलत होतात.

म्हणजे माझा कबुलीजबाब फुकट गेला. पण विचित्र गोष्ट अशी की आज सकाळी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालाही सांगून आलो. तो गणितात नापास झाला होता. अकरा.

तुझा भाऊ


१३ ऑगस्ट

ताई,

आज मिरीचा प्रवेश झाला. कॉलेजची इमारत जुनी आहे, जिन्याला कठडा आहे पण तो धरू नये. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. मी दारातून आत डोकावलो आणि पहिल्यांदा काय पाहिलं असेल तर खिडक्या. सहा आहेत, सगळ्या उघड्या.

रांगेत दीड तास गेला. माझ्यापुढे एक सुतार होता, त्याच्याही मुलाला तेच घ्यायचं होतं. त्यानं मला हळूच विचारलं, "यात पुढे काय मिळतं हो?" दोन महिने मी जे गावभर विचारत फिरलो तेच. माझ्या खिशात तुझे एकतीस वर्षांचे आकडे होते. मी ते काढले नाहीत. म्हणालो, चौदा वर्षं हाल असतात, मग बरं चालतं. तो घाबरला. मग त्याला पाण्याची गोष्ट सांगितली, तू बंद करायला लावलेल्या. तो म्हणाला, "तुमची बहीण का ती?" मी हो म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असेन, कारण पुढचे दोघं-तिघं वळले.

खिडकीशी कारकून बाई होत्या. पैसे घेतले, पावती दिली, मग एक शेवटचा फॉर्म पुढे सरकवला. प्रयोगशाळेत काही अपघात झाला तर कुणाला कळवायचं, दोघांची माहिती द्या. पहिल्या ओळीत मिरीनं मला टाकलं होतं. दुसऱ्या ओळीत तुला. नात्याच्या रकान्यात: आत्या.

"यांचा फोन नंबर राहिलाय," बाई म्हणाल्या. मिरी पिशवीत वही शोधायला लागली.

मी सांगितला. दहाच्या दहा आकडे, न अडखळता. अकरा वर्षांत तो नंबर मी एकदाही लावलेला नाही. मिरी वही तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मी जिन्याकडे बघत राहिलो.

बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "नंबर चालू आहे ना? खात्री करून सांगा, खोटा नंबर चालत नाही."

ताई, हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. शुक्रवारी सकाळी आठला, दुकान उघडायच्या आधी, मी तो लावून बघणार आहे.

उचल.

धाकटा